खोकणाऱ्या घोड्याची खबर

ऑस्ट्रेलियातलं मेटलंड हे सिडनीच्या उत्तरेचं, हंटर नदीकाठचं गाव. २००७ साली ऑगस्टच्या १७ ते १९ तारखांना तिथे घोडेस्वारीच्या स्पर्धा होत्या. शर्यतींचे महागडे घोडे आणि त्यांचे धनाढ्य मालक यांचा तो मेळा नव्हता. हौशी स्वार आपापले घोडे गाड्यांत चढवून आले होते. अशा मेळ्यात घोडे शेजारी शेजारी बांधले जातात, एकाची बादली दुसऱ्यापुढे सरकवली जाते, ओळखीपाळखीची माणसं एकमेकांच्या जनावरांच्या नाकावरून हात फिरवतात. रविवारी संध्याकाळी गाड्या परतीला लागल्या. त्यांतल्या काहींमधून एक विषाणूही निघाला आणि घोडा जिथे उतरला तिथे तोही उतरला.

शुक्रवारी, २४ ऑगस्टला, सिडनी शहरातल्या सेंटेनियल पार्कच्या पागेत घोडे तापाने फणफणलेले आढळले. नमुने तपासले, तेव्हा घोड्यांचा फ्लू निघाला. हा आजार ऑस्ट्रेलियात त्याआधी कधीही आलेला नव्हता. स्थानिक घोड्यांना तो कधी झालेला नव्हता आणि त्याची लसही कधी टोचलेली नव्हती. म्हणजे विषाणूला अडवेल असं त्या घोड्यांच्या रक्तात काहीच नव्हतं. पुढच्या चार महिन्यांत न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या दोन राज्यांत नऊ हजारांहून अधिक ठिकाणचे सुमारे सत्तर हजार घोडे आजारी पडले. आणि तरीही वर्ष संपायच्या आत ही साथ आटोक्यात आली. पुढे ती त्या देशातून पूर्ण हटलीसुद्धा. एवढी पसरलेली घोड्यांच्या फ्लूची साथ मुळापासून उखडल्याची उदाहरणं जगात फार थोडी आहेत. ती कशी उखडली हे घोडा पाळणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं मला वाटतं. लस तर त्यात होतीच, पण लशीच्या कितीतरी आधी घोडेमालकांनी स्वतःहून केलेलं बरंच काही होतं.

आधी आजार समजून घेऊ. हा विषाणू इन्फ्लूएंझा ‘ए’ गटातला, एच३एन८ प्रकारचा आहे. १९६३ साली अमेरिकेतल्या मायामीत तो पहिल्यांदा हाती लागला. त्याआधी १९५६ साली प्रागमध्ये घोड्यांचा आणखी एक फ्लू, एच७एन७, ओळखला गेला होता, पण तो गेली कित्येक वर्षं कुठे दिसलेला नाही. आज जिथे जिथे घोडे फ्लूने खोकतात, तिथे मायामीच्याच घराण्यातला विषाणू असतो. लागण झाल्यापासून साधारण एक ते तीन दिवसांत ताप चढतो आणि एकेचाळीस अंश सेल्सियसपर्यंत जातो. मग कोरडी, खोल ढास लागते. नाकातून आधी पाण्यासारखं आणि पुढे घट्ट पिवळट गळतं. घोडा चंदीला तोंड लावत नाही, मान खाली घालून उभा राहतो. प्रत्येक खोकल्यासरशी बारीक थेंबांचा फवारा उडतो आणि शेजारचा घोडा तो हुंगतो. एका तबेल्यात एक घोडा खोकायला लागला की आठवड्याच्या आत सगळा तबेला खोकतो.

धडधाकट घोडा या आजाराने सहसा दगावत नाही. दगावतात ती लहान शिंगरं, म्हातारी किंवा आधीच खंगलेली जनावरं. मोठ्या घोड्याचं नुकसान वेगळ्या प्रकारे होतं. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूने बारीक लव असते. ती सतत हलत असते आणि धूळ, कफ, जंतू वरच्या दिशेने ढकलत राहते. विषाणू नेमका हा थर झडवून टाकतो. तो पुन्हा उगवून कामाला लागायला तीन आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. तोवर नळी उघडी पडलेली असते आणि साधे जीवाणूही फुप्फुसापर्यंत पोचतात. म्हणून पशुवैद्य सांगतात की जितके दिवस ताप, तितके आठवडे विश्रांती. मालकाला सगळ्यात जड जातो तो हाच हिशेब, कारण ताप उतरून घोडा आठ-दहा दिवसांत चांगला दिसायला लागतो, कान टवकारतो, चंदी मागतो. त्याला बरा समजून त्याच्यावर खोगीर चढवलं की न्यूमोनिया होण्याची भीती असते, नाहीतर कायमचा दम लागून राहतो. फ्लूने धडधाकट घोडा गमावलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी तो खरं तर या घाईने गमावलेला असतो.

खोकल्याच्या आधी ताप येतो, आणि ताप कळण्यासाठी डॉक्टरची वाट पाहावी लागत नाही. घोड्याचा ताप गुदद्वारातून पाहतात. थर्मामीटरच्या टोकाला दोरा बांधायचा, दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा आणि तो शेपटीच्या केसांत अडकवायचा. नाहीतर थर्मामीटर आत तरी ओढला जातो किंवा खाली पडून फुटतो. घोड्याच्या मागे उभं राहायचं नाही. त्याच्या मांडीला खेटून बाजूला उभं राहायचं, एक हात पाठीवर ठेवून त्याच्याशी बोलत राहायचं, शेपटी हलकेच बाजूला घ्यायची. निरोगी मोठ्या घोड्याचा पारा साडेसदतीस ते साडेअडतीस अंशांच्या दरम्यान थांबतो. सकाळ-संध्याकाळ हे आकडे वहीत लिहिले की एका संध्याकाळी पारा एकोणचाळीसच्या वर गेलेला लगेच ध्यानात येतो. तो घोडा त्याच क्षणी बाकीच्यांपासून बाजूला काढता येतो. त्याची खबर देता येते, नाकातला नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. साथ सुरू झाल्यावर ऑस्ट्रेलियातल्या असंख्य मालकांनी दिवसातून दोनदा केलेलं काम हेच होतं.

आता विषाणू आला कुठून, हे पाहू. २००७ च्या ऑगस्टमध्येच जपानमध्ये घोड्यांचा फ्लू पसरला होता. तिथे १९७१ नंतर ही साथ पहिल्यांदाच आली होती. जपानमधल्या शर्यतीच्या घोड्यांना नेमाने लस दिलेली असते, त्यामुळे त्यांचा आजार सौम्य होता, काहींना तर जेमतेम ताप आला. त्याच सुमारास परदेशातून, जपानमधूनही, पैदाशीचे वळू घोडे सिडनीला उतरले आणि शहराबाहेरच्या ईस्टर्न क्रीक विलगीकरण केंद्रात ठेवले गेले. त्यांना आणण्याआधी लस टोचलेली होती, तो नियमच होता. त्यांच्यातून विषाणू कुंपणाबाहेर कसा गेला याची चौकशी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती इयन कॅलिनन यांच्याकडे सोपवण्यात आली. २००८ मधल्या त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष थेट होता. बहुधा एखाद्या माणसाच्या अंगावरून, कपड्यांवरून किंवा सामानावरून विषाणू बाहेर गेला, कारण घोड्यांना हात लावणाऱ्या माणसांनी बाहेर पडताना आंघोळ करावी, कपडे बदलावेत, वस्तू धुवाव्यात, हे तिथे कुणी काटेकोरपणे पाहत नव्हतं.

घोड्याच्या फ्लूने माणूस आजारी पडत नाही. पण ज्या हाताने खोकणाऱ्या घोड्याची मोहरकी सोडली, तो हात, ती बाही, तो खरारा, ती बादली काही तासांसाठी विषाणू वाहून नेऊ शकते. हा विषाणू तसा नाजूक असतो. त्याच्या भोवती मेदाचं पातळ आवरण असतं आणि साबणाच्या पाण्याने ते फाटतं. म्हणजे एवढ्या मोठ्या देशाला चार महिने थांबवून ठेवणारी गोष्ट दारातल्या नळावर, साबणाच्या वडीने थांबू शकली असती. हे वाचताना मला आजही चुटपुट लागते.

शनिवारी, २५ ऑगस्टला, ऑस्ट्रेलियाने देशभर घोड्यांची हालचाल बंद केली. घोडा असेल तिथेच राहील. गाडीत चढणार नाही, रस्त्यावर येणार नाही, कुंपण ओलांडणार नाही. हा आदेश पोचला तेव्हा क्वीन्सलँडमधल्या वॉरिक गावाजवळ मॉर्गन पार्क इथे आणखी एक स्पर्धा चालू होती. तिथे आलेले शेकडो घोडे आणि त्यांचे मालक जिथल्या तिथे अडकले. दोन दिवसांचे कपडे घेऊन आलेली माणसं तंबूत, गाड्यांत, घोड्यांच्या डब्यांत कित्येक आठवडे राहिली. थोड्या दिवसांत तिथेही घोडे खोकायला लागले. आपल्या मुलांच्या शाळा, नोकऱ्या, घरची जनावरं हे सगळं दूर ठेवून त्या लोकांनी तिथेच आजारी घोड्यांची शुश्रूषा केली. त्यांतला एखादा जरी रात्री घोडा गाडीत घालून घरी निघून गेला असता, तर साथ कदाचित एका नव्या जिल्ह्यात गेली असती.

सिडनीच्या रँडविक मैदानावरचा वसंतातला शर्यतींचा हंगाम रद्द झाला, कारण तिथल्या पागाही आजारी पडल्या होत्या. व्हिक्टोरिया राज्यात विषाणू शिरला नाही, म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कप मात्र धावला. वर्तमानपत्रांचं लक्ष शर्यतींवर होतं. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती हंटर खोऱ्यातल्या पैदास केंद्रांची कोंडी. दक्षिण गोलार्धात थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्यांचा पैदाशीचा हंगाम १ सप्टेंबरला सुरू होतो, म्हणजे साथ उघड झाल्यानंतर अवघ्या आठवड्याभरात. थरोब्रेड घोड्यांत कृत्रिम रेतन चालत नाही. घोडी वळूकडे न्यावीच लागते, नाहीतर शिंगराची नोंद होत नाही. आणि जन्म कुठल्याही महिन्यात झाला तरी त्या सगळ्या शिंगरांचा वाढदिवस १ ऑगस्टच धरला जातो. गर्भ अकरा महिने वाढतो. घोडी जितकी उशिरा भरेल, तितकं शिंगरू आपल्याच वयाच्या भावंडांपेक्षा लहान राहणार आणि लिलावात कमी किमतीला जाणार. म्हणजे प्रत्येक थांबलेल्या आठवड्याची किंमत पुढच्या दोन वर्षांच्या लिलावात मोजावी लागणार होती. तरीही घोड्या थांबल्या. ज्यांचं सगळ्यात जास्त नुकसान होणार होतं त्यांनीही गाड्या सोडल्या नाहीत.

ही शिस्त नुसत्या दंडाच्या भीतीने आली असं मला वाटत नाही. नकाशावर राज्याचे रंगीत पट्टे आखले गेले. जांभळ्या पट्ट्यात रोग सगळीकडे पसरलेला, लाल आणि पिवळसर पट्ट्यांत क्रमाने कमी धोका, हिरव्या पट्ट्यात रोग नाही. आपलं शेत कुठल्या रंगात आहे हे प्रत्येक मालकाला ठाऊक होतं, आणि कुठल्या रंगात काय चालेल तेही. जांभळ्या पट्ट्याच्या आत काही काळाने मर्यादित शर्यतीही सुरू झाल्या, कारण तिथे लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. रोजगार बुडालेल्यांना सरकारने मदत दिली. नालबंद, घोड्यांचे दात घासणारे, शिकवणी घेणारे यांची कमाई एका रात्रीत बंद झाली होती, कारण एका तबेल्यातून दुसऱ्या तबेल्यात जाणारी माणसं तीच. कित्येक घोड्यांचे खूर महिनोन् महिने नालबंदाशिवाय वाढत राहिले, आणि मालकांनी स्वतः कानस हातात घेतली.

एक गोष्ट मात्र कुणाच्या शिस्तीच्या हाती नव्हती. शेताच्या कुंपणावरून कुणी आलं नाही, गेलं नाही, तरीही काही ठिकाणी घोडे आजारी पडले. नंतरच्या अभ्यासात दिसलं की अनुकूल वारा असेल तर विषाणू एक-दोन किलोमीटर हवेतून जाऊ शकतो. सिडनीच्या आसपास आजारी घोड्यांच्या निकट राहणाऱ्या काही कुत्र्यांनाही तो झाला, पण कुत्र्याकडून कुत्र्याकडे तो तिथे पसरला नाही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात मात्र हाच विषाणू शर्यतीच्या कुत्र्यांमध्ये शिरला होता आणि तिथून कुत्र्यांचा स्वतंत्र फ्लू होऊन बसला. तबेल्याबाहेर बांधलेल्या कुत्र्याकडेही लक्ष ठेवावं, ते यासाठी.

वाऱ्याला मनाई करता येत नाही. तिथे लस कामाला आली. जंगलात वणवा लागला की वनरक्षक त्याच्या पुढच्या बाजूला गवत आधीच जाळून मोकळी जाळरेषा काढतात, तशी लस टोचलेल्या घोड्यांची रेषा रोगाच्या पट्ट्याभोवती काढायची, असं ठरलं. सप्टेंबरच्या अखेरीस लसीकरण सुरू झालं आणि पुढच्या महिन्यांत सुमारे एक लाख चाळीस हजार घोड्यांना लस मिळाली. त्यात कडेच्या पट्ट्यातले घोडे होते, आणि शर्यतींचे व पैदाशीचे मोलाचे घोडेही होते.

हा निर्णय सोपा नव्हता, आणि मालकांमध्ये त्यावर तीव्र मतभेद होते. ज्यांचा धंदा अडला होता त्यांना लस लगेच हवी होती. विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. लस घेतलेल्या घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, आणि आजार होऊन गेलेल्या घोड्याच्या रक्तातही. रक्त तपासून दोघांत फरक करता आला नाही, तर रोग खरंच गेला हे सिद्ध कसं करायचं? देश रोगमुक्त ठरला नाही, तर घोड्यांची निर्यात अडचणीत येते. शिवाय जपानहून आलेल्या घोड्यांनी दाखवून दिलंच होतं की लस घेतलेला घोडा लक्षणं न दाखवताही विषाणू बाहेर टाकू शकतो.

म्हणून लस निवडताना फार विचार झाला. जी लस वापरली तिच्यात फ्लूचा अख्खा विषाणू नव्हता. पक्ष्यांना होणाऱ्या कॅनरीपॉक्स नावाच्या विषाणूत, जो घोड्याच्या शरीरात वाढू शकत नाही, फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाचा जनुक घातलेला होता. घोड्याचं शरीर तेवढं एक प्रथिन ओळखायला शिकतं. प्रत्यक्ष आजार झालेल्या घोड्याचं शरीर मात्र विषाणूच्या आतल्या भागातलं न्यूक्लिओप्रोटीनही ओळखतं. मग रक्तात न्यूक्लिओप्रोटीनविरुद्धची प्रतिपिंडं सापडली तर तो आजार, आणि नुसती बाहेरच्या प्रथिनाविरुद्धची सापडली तर ती लस. लस घेतलेल्या प्रत्येक घोड्याला मायक्रोचिपही बसवली गेली, म्हणजे कुणाला कधी टोचलं याची नोंद जनावराबरोबर राहते. शेवटचा नवा रुग्ण २५ डिसेंबर २००७ रोजी नोंदला गेला. २००८ च्या मध्यापर्यंत निर्बंध उठले, आणि नंतर ऑस्ट्रेलियाने देशातल्या घोड्यांचं लसीकरण पुन्हा बंद केलं.

या यशातली लशीची नेमकी भूमिका काय, यावर जाणकारांत आजही चर्चा होते. हालचाल थांबवल्यावर साथ ओसरायला लागलीच होती, असं काहींचं मत आहे. माझं मत असं की हालचाल बंद केल्याशिवाय लशीला वेळ मिळाला नसता. पहिली मात्रा टोचल्यावर अंगात पुरेशी ताकद यायला दिवस लागतात, आणि मोकळ्या फिरणाऱ्या विषाणूला तेवढे दिवस पुरेसे होतात.

जिथे हा विषाणू कायम वस्तीला असतो, तिथे लशीचा विचार वेगळा करावा लागतो. ब्रिटनमध्ये शर्यतीच्या घोड्यांना १९८१ पासून लस सक्तीची आहे. तरीही २०१९ च्या फेब्रुवारीत तिथल्या एका तबेल्यात लस घेतलेले घोडे आजारी पडले, आणि ७ ते १२ तारखेपर्यंत देशातल्या सगळ्या शर्यती थांबवण्यात आल्या. तेवढ्या दिवसांत हजारो घोड्यांच्या नाकातले नमुने तपासले गेले आणि १३ तारखेला शर्यती पुन्हा सुरू झाल्या. सहा दिवसांत हे जमलं, कारण बहुतेक घोडे लस घेतलेले होते आणि विषाणूला त्यांच्यात वेगाने फिरता आलं नाही.

लस घेतलेला घोडा आजारी का पडतो? एक तर विषाणू हळूहळू रूप बदलत जातो आणि जुन्या रूपावर बनवलेली लस नव्या रूपाला नीट ओळखत नाही. दुसरं कारण मालकाच्या हातातलं आहे. पहिली मात्रा, मग चार ते सहा आठवड्यांनी दुसरी, मग साधारण सहा महिन्यांनी तिसरी, हा सुरुवातीचा क्रम. दुसऱ्या मात्रेनंतर तीन-चार महिन्यांत प्रतिपिंडं बरीच खाली येतात, आणि तिसरी मिळेपर्यंत घोडा पुन्हा उघडा पडतो. नेमक्या याच काळात तरुण घोडे पहिल्यांदा बाहेरगावी, मेळ्यात, शर्यतीत नेले जातात. पुढे दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने एकेक मात्रा द्यायची असते. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या स्पर्धांत सहा महिन्यांची अट आहे, आणि स्पर्धेच्या आधीच्या सात दिवसांत टोचलेलं चालत नाही. लशीचं कार्ड कागदपत्रांत जपून ठेवण्याची सवय स्पर्धांच्या घोड्यांच्या मालकांना आहे. ओझी वाहणाऱ्या जनावरांच्या मालकांना मात्र नाही, आणि आपल्याकडची गोष्ट तिथून सुरू होते.

घोडा ओझी वाहत होता तेव्हा त्याचा फ्लू म्हणजे शहराचा फ्लू असे. १८७२ च्या शरद ऋतूत कॅनडातल्या टोरांटो परिसरातून निघालेली साथ काही महिन्यांत उत्तर अमेरिकाभर पसरली. मालगाड्या, ट्राम, दूधवाले सगळे थांबले. त्याच नोव्हेंबरमध्ये बोस्टनला मोठी आग लागली तेव्हा अग्निशामक दलाचे घोडे आजारी होते आणि बंब माणसांनी ओढत नेले.

भारतात या आजाराची मोठी साथ १९८७ मध्ये आली. पंजाबातल्या लुधियानात तिचा विषाणू ओळखला गेला, आणि देशभर हजारो घोडे, गाढवं, खेचरं आजारी पडली. पुढची मोठी साथ जून २००८ मध्ये जम्मूजवळच्या कटऱ्यात सुरू झाली. वैष्णोदेवीची वाट कटऱ्याहून निघते आणि सुमारे तेरा किलोमीटर चढत भवनापर्यंत, म्हणजे देवीच्या मंदिरापर्यंत जाते. त्या वाटेवर खेचरं आणि टट्टू यात्रेकरू वाहतात. एकामागोमाग एक चालणारी, एकाच हौदावर पाणी पिणारी, रात्री दाटीवाटीने बांधलेली जनावरं. पुढच्या काही महिन्यांत रोग अनेक राज्यांत गेला, दक्षिणेत म्हैसूरच्या घोड्यांपर्यंत पोचला आणि २००९ पर्यंत चालू राहिला. हा विषाणू ऑस्ट्रेलियातल्या विषाणूच्याच घराण्यातला, पण त्याच्या दुसऱ्या शाखेचा होता. हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने कटऱ्याच्या नमुन्यातून वेगळा काढलेला विषाणू घेऊन लस अद्ययावत केली.

मॉर्गन पार्कमधला मालक आणि कटऱ्याचा खेचरवाला यांच्या अडचणी सारख्या नाहीत, हे उघडपणे म्हणायला हवं. खेचराची कमाई रोजची असते. खेचर चाललं तर घरात पीठ येतं आणि खेचरालाही दाणा मिळतो. तीन आठवडे थांब असं त्याला सांगणं सोपं आहे, पण त्या तीन आठवड्यांचं काय करायचं हे त्याच दमात सांगितलं नाही, तर तो खोकणाऱ्या जनावराला मध-हळद चाटवून पहाटे पुन्हा वाटेवर आणणार. त्यात त्याला दोष देता येत नाही. ऑस्ट्रेलियात मालकांनी आजार लपवला नाही, कारण लपवल्याने काही वाचणार नव्हतं आणि सांगितल्याने सगळं बुडणार नव्हतं. खबर देणाऱ्याचं नुकसान भरून निघेल याची सोय ज्या देशात आधीपासून असेल, तिथे आजाराची खबर लवकर लागते. आपल्याकडे २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्यानुसार जनावराला असा आजार झाल्याचा संशय आला तर मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचं असतं, आणि तिथून पशुवैद्याला कळवलं जातं. कळवणाऱ्याच्या घरात त्या महिन्यात काय शिजेल याचाही तितकाच नीट विचार व्हायला हवा. साथीच्या काळात दर जनावरामागे रोजचा दाणा-वैरण आणि थोडी मजुरी इतकी सोय जरी झाली, तरी खोकणारं जनावर वाटेवर दिसणार नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न तीन ठिकाणी ठळकपणे उभा राहतो. मुंबईच्या महालक्ष्मीला शर्यतींचा हंगाम हिवाळ्यात असतो आणि पुण्याला पावसाळ्यात, त्यामुळे घोड्यांच्या तुकड्या दरवर्षी घाट चढतात आणि उतरतात. पण त्यांच्या मागे पशुवैद्य, नोंदी आणि पैसा आहे. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे, आणि दस्तुरी नाक्यापासून पुढे पर्यटकांना व सामानाला घोडे वाहून नेतात. तिथल्या अश्वपालांचं पोट सुट्ट्यांच्या हंगामावर असतं, आणि घोडे दिवसभर एकाच नाक्यावर ओळीने उभे असतात. कटऱ्याची सगळी परिस्थिती तिथे लहान प्रमाणात आहे.

तिसरं ठिकाण नंदुरबार जिल्ह्यातलं सारंगखेडा. तापीकाठच्या एकमुखी दत्ताच्या यात्रेत दत्तजयंतीच्या सुमारास भरणारा इथला घोडेबाजार देशात नावाजलेला आहे. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून व्यापारी येतात. मारवाडी, काठियावाडी घोडे शेजारी शेजारी बांधले जातात, नाचवले जातात, तोंड उघडून दात पाहिले जातात. घोड्याचा ओठ वर करून दात पाहणारा माणूस तासाभरात डझनभर घोड्यांच्या तोंडात तोच हात घालतो. बाजार मोडला की घोडे चार-पाच राज्यांत परततात. मेटलंडला रविवारी संध्याकाळी जे झालं त्याला याहून सोयीचं ठिकाण सापडणार नाही.

यात्रा बंद करा, असं मी म्हणणार नाही. तो घोडेवाल्यांच्या वर्षाच्या कमाईचा आणि मानाचा दिवस आहे. पण दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला येते, म्हणजे बहुधा डिसेंबरात, आणि ही तारीख सगळ्यांना वर्षभर आधी माहीत असते. नवरात्रात पहिली मात्रा आणि दिवाळीनंतर दुसरी दिली, तर बाजारात शिरताना घोड्याच्या अंगात लशीची पूर्ण ताकद असते. जुनं लसीकरण असेल तर दसऱ्याच्या सुमाराला एक मात्रा पुरते. त्यासाठी लशीची चौकशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गणपतीतच करावी लागते. बाजाराच्या वेशीवर लशीचं कार्ड पाहिलं जावं, ताप मोजला जावा, दर रांगेच्या तोंडाशी नळ आणि साबण असावा. प्रत्येक घोडेवाल्याने स्वतःची बादली आणि स्वतःचा तोबरा आणावा आणि तो कुणाला देऊ नये. दात पाहायचे असतील तर गिऱ्हाइकाने आधी हात धुवावेत; ज्याला घोडा विकायचा आहे त्याने हे सांगायला लाजू नये. विकत घेतलेला घोडा घरी नेल्यावर दोन आठवडे घरच्या घोड्यांपासून लांब बांधावा, त्याला दाणा-पाणी शेवटी द्यावं, आणि चिमटा लावलेला थर्मामीटर सकाळ-संध्याकाळ वापरावा.